गोदाबाईच्या मरणाचा ठराव

आपण सत्तराव्या भागात मरणार आहोत, ही बातमी प्रयागबाईंना आदिलाबादच्या भाजीबाजारात कळली, तीही वांगी तोलताना. सांगणारी होती साउंडवाल्या प्रितमची बायको. तिला वाटलं, बाईंना ठाऊकच असेल.

"मावशी, तुमी गेल्यावर त्या मालिकेत पाहाचं तरी काय राह्यते?"

"कुठं गेल्यावर?"

"मेल्यावर. आमचे हे सांगत होते, साप चावून राह्यला तुमाले."

प्रयागबाईंनी तराजू खाली ठेवला. वय बासष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, शहराला लागूनच मावल्याला दीड एकर भाजीचं वावर. आजवर त्यांना विंचू चावला होता, कुत्रा चावला होता, एकदा बँकेच्या रांगेत एक म्हातारी चावली होती. साप नव्हता चावला. आणि हा साप कोणी सोडला, हे त्यांना विचारावं लागलं नाही. तो त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलानं, जीवननं सोडला होता.

जीवन पूर्वी लग्नांचे व्हिडिओ काढायचा. टाळेबंदीत लग्नंच बंद पडली, तेव्हा रिकाम्या हातांनी करायचं काय म्हणून त्यानं मावशीला तिच्याच वावरात उभं केलं आणि मोबाइलवर दहा मिनिटांचं एक नाटकुलं काढलं. त्यात मावशी झाली गोदाबाई, साऱ्या गावाशी भांडणारी सासू. मावशीला काही शिकवावं लागलं नाही. कॅमेऱ्याकडं बघू नको, एवढंच सांगावं लागलं. ते नाटकुलं यवतमाळपासून किनवटपर्यंत असं पसरलं की बघणाऱ्यांचा आकडा वाचताना जीवनला शून्यं मोजावी लागली. मग दर रविवारी एक भाग निघू लागला. मालिकेचं नाव 'गोदाबाईचं वावर'. सून झाली शाळेत शिकवणारी दामिनी, शेजारीण झाली खानावळवाली कुसुमबाई, मेकअपला पंढरी न्हावी, आणि जीवनची बायको प्रणिता कॉम्प्युटरवर बसून सगळं कापून-जोडून सरळ करू लागली.

कंपनी काढा, हे सुचवलं नरसिंगरावांनी. ते तहसीलमधून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. कागदाशिवाय त्यांना करमत नसे. "दस्तावेज नाही तर कब्जा कशाचा?" असं म्हणत त्यांनी 'सातनाला पिक्चर्स प्रायव्हेट लिमिटेड'ची नोंदणी करून आणली. शंभर हिस्से केले. चाळीस जीवनला. दहा नरसिंगरावांना, लिखापढीचे. दहा प्रयागबाईंना, कारण घर त्यांचं, वावर त्यांचं, म्हैस त्यांची आणि तोंडही त्यांचंच. उरलेले चाळीस बाकीच्यांना, दोनचार, सहाआठ असे, पगाराच्या जागी. लोकांनी ते कागद घरी नेऊन ट्रंकेत टाकले आणि विसरले.

बाजारातून उठून प्रयागबाई सरळ जीवनकडं गेल्या.

"काऊन रे, मले मारून राह्यला म्हनते?"

जीवन खुर्चीतून अर्धा उठला. "तुले नाई मावशी, गोदाबाईले. कथेची गरज हाय. नवीन लोक पाहाले पायजेत."

"आन् माही गरज?"

"तुले काय, सुटशील. उन्हात उभं राहाची कटकट नाई."

प्रयागबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत याची काळजी जीवननं तेव्हाच करायला हवी होती.

मरणाचं शूटिंग ठरलं तेव्हा त्या वेळेवर हजर झाल्या. रबरी साप चावला. गोदाबाई बांधावर आडवी झाली. कुसुमबाईनं तिचं डोकं मांडीवर घेऊन हंबरडा फोडला, तर प्रेत ओठ न हलवता कुजबुजलं, "आज डाळीत मीठ जास्त होतं तुह्या." कुसुमबाईला हसू फुटलं. दुसऱ्या वेळी प्रेताला शिंक आली. तिसऱ्या वेळी मुंगी चावली. चौथ्या वेळी म्हैस मध्ये आली, आणि तिचं दावं कोणी सोडलं हे कोणालाच दिसलं नाही. ऊन उतरेपर्यंत असंच चाललं. दुसऱ्या दिवशी जीवन कॅमेरा घेऊन आला तर घराला कुलूप. मावशी इंद्रवेल्लीला लेकीकडं गेलेली, कधी येणार ते सांगून गेली नव्हती. ती तीन आठवड्यांनी परतली. तेवढे भाग गोदाबाईशिवाय काढावे लागले आणि बघणाऱ्यांनी जीवनला फोनवर जे लिहिलं ते प्रणितानं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मरण पुढं ढकललं गेलं. पण रद्द झालं नाही, हे प्रयागबाईंना कळत होतं.

एक दिवस त्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या आणि कोवळी भेंडी घेऊन नरसिंगरावांच्या घरी गेल्या. त्यांची बायको पद्मिनीबाई भेंडी मोडून बघत खूश झाल्या. प्रयागबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"साहेब, मले एक सांगा. मालिकेत कोनी मराचं, कोनी जगाचं, हे कोन ठरवते?"

"कंपनी ठरवते."

"कंपनी म्हंजे कोन?"

नरसिंगरावांना असा प्रश्न विचारणारं माणूस निवृत्तीनंतर भेटलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला. "कंपनी म्हणजे हिस्सेदार. ज्याच्या बाजूनं शंभरातले एक्कावन्न, त्याचा ठराव मंजूर. बाकी सगळी गंमत."

"आन् हिस्सा इकता येते का?"

"येतो. अर्जी करायची, दोघांच्या सह्या, मग डायरेक्टरची मंजुरी. म्हणजे जीवनची सही."

"जीवन वाचते का सही कराच्या आधी?"

नरसिंगराव पहिल्यांदा हसले. "आजवर वाचलेलं मी पाहिलं नाही."

तो उन्हाळा सरला आणि टमाट्याचा भाव चढायला लागला. बघता बघता किलोला दीडशेच्या वर गेला. आदिलाबादच्या बाजारात बायका टमाटा हातात घेऊन परत ठेवायच्या. हॉटेलांनी चटणी बंद केली. आणि मावल्याला प्रयागबाईंच्या वावरात, विहिरीजवळच्या हिरव्या जाळीखाली, बारा ओळी लालभडक झालेल्या होत्या. इतरांचे टमाटे उन्हानं करपले होते. यांचे वाचले, कारण इंद्रवेल्लीहून परतल्यापासून त्यांनी एक दिवस न चुकता दोनदा पाणी घातलं होतं.

पहिली आली कुसुमबाई. खानावळीत चाळीस माणसं जेवायची आणि रश्श्याला रंग येत नव्हता.

"प्रयागबाई, मले रोजचे चार किलो द्या. भाव काहीतरी सांभाळून घ्या."

"भाव कायले? तुहे ते आठ हिस्से हायेत ना कंपनीचे, ते दे. महिनाभर टमाटे घेऊन जाय."

"त्या कागदाचे?" कुसुमबाईला ही बाई उन्हानं बहकली असं वाटलं. "अवो, त्यानं चूल बी नीट पेटत नाई."

"माह्या नशिबात कागदच हाय म्हन."

कुसुमबाईनं त्याच दुपारी कागद आणून दिला आणि बाईंचं मन फिरायच्या आत पाट्या भरून नेल्या. मग साऱ्यांना कळलं. पंढरीनं बहिणीच्या साखरपुड्यासाठी सहापैकी तीन दिले. तीन ठेवले, कारण त्याची आई म्हणाली, सरकारी दिसते, असू दे. प्रितमला मुलाच्या बारशाची पंगत उठवायची होती. त्याचे सातही गेले, आणि देताना तो म्हणाला, "मावशी, नंतर म्हनू नका प्रितमनं फसवलं."

"नाई म्हनत," प्रयागबाई म्हणाल्या. बाकीच्यांकडूनही दोनचार करत आणखी तेरा आले.

दर आठवड्याला नरसिंगराव अर्ज्यांची चळत घेऊन जीवनकडं जात. जीवन कानाला फोन लावून, डोळे पडद्यावर ठेवून, बोट दाखवाल तिथं सही करी. दसऱ्यापर्यंत टमाट्याचा भाव मातीला मिळाला होता आणि प्रयागबाईंकडं एक्केचाळीस हिस्से जमले होते. पुढचे मिळेनात.

नरसिंगरावांचे दहा विकत घेणं शक्यच नव्हतं. त्यांना टमाट्यानं आम्लपित्त व्हायचं. पण त्यांचं दुसरं एक दुखणं होतं. मालिकेत ते गोदाबाईच्या व्याह्याचं काम करीत, आणि एवढ्या भागांत त्यांच्या तोंडी "हूं" आणि "बघू" याच्यापलीकडं काही आलं नव्हतं. घरी आरशासमोर ते दोन्ही हात पसरून काय काय बोलत, हे पद्मिनीबाईंनी भेंडी घेताना सांगितलं होतं.

"साहेब," प्रयागबाई म्हणाल्या, "माह्या हातात असतं तर तुमाले येवढं भाषन देलं असतं, का लोक चाय प्याचं विसरले असते."

नरसिंगराव हूं म्हणाले. पण या वेळच्या हूंचा सूर वेगळा होता.

हिवाळ्यात हैदराबादहून माणूस आला. एका मोठ्या कंपनीनं हेरंब नावाचा अधिकारी पाठवला होता. मूळचा पुण्याचा, तरतरीत, बुटाला चिखल लागू नये म्हणून वावरात टाचा उचलून चालणारा. त्यांना 'गोदाबाईचं वावर' हवं होतं, मराठीत आणि तेलुगूतही. त्यासाठी सातनाला पिक्चर्सचे एक्कावन्न हिस्से हवे होते. आणि एक अट लिखित होती: गोदाबाई मरावी, म्हणजे कथा तरुण सुनेवर जाईल आणि सून हैदराबादला येईल. जीवनला तर स्वर्ग दोन बोटं उरला. ठराव व्हायच्या आधीच त्यानं भागाच्या शेवटी पाटी झळकवली: 'पुढच्या रविवारी गोदाबाईच्या घरून अंत्ययात्रा निघणार!'

सभा मावल्यातल्या जुन्या कापसाच्या गोदामात भरली. आता तेच स्टुडिओ होतं. एका बाजूला गोदाबाईचं खोटं स्वयंपाकघर, आणि त्याच्याच ओट्यावर हेरंबचा लॅपटॉप. जीवननं ठराव वाचला. प्रणिता कॉम्प्युटरमागं बसून ऐकत होती. दामिनी शाळेतून सुटी घेऊन आली होती. बाकीचे बाकांवर बसले होते आणि चपलांकडं बघत होते, कारण एकेकाला आता आपल्या ट्रंकेत काय नाही ते आठवत होतं.

"सगळ्यांना मंजूर?" जीवननं विचारलं.

"एक औपचारिकता," हेरंब म्हणाला. "कोणाकडे किती हिस्से, तेवढं एकदा वाचून दाखवा."

नरसिंगरावांनी रजिस्टर उघडलं आणि घसा साफ केला. "जीवन, चाळीस. नरसिंगराव, दहा. प्रयागबाई, एक्केचाळीस."

जीवन हसला. "काका, दहा."

"दहा होते."

"चूक झाली काहीतरी."

"चूक असेल तर तुझी," नरसिंगराव म्हणाले आणि रजिस्टर त्याच्याकडं वळवलं. पानामागून पान, प्रत्येक पानावर जीवनची वळणदार सही. एका सहीवर चहाचा गोल डागही होता. जीवननं कुसुमबाईकडं पाहिलं. कुसुमबाई पदर नीट करू लागली. प्रितमकडं पाहिलं. प्रितमनं माइकची वायर गुंडाळायला घेतली.

"ठरावाच्या विरोधात एक्केचाळीस," प्रयागबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

नरसिंगराव उभे राहिले. तहसीलमध्ये आयुष्य गेलं, पण असा क्षण आला नव्हता. "आणि दहा. विरोधात. कलमबंद करा."

हेरंबनं लॅपटॉप हळूच मिटला. सकाळपासून तो प्रयागबाईंना आजी म्हणत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"पयलं तुमी सांगा. तुमाले घ्याचं हाय, का निस्तं हात लावून पाहाचं हाय?"

"घ्यायचंय."

"मंग आयका. मी चाळीस वर्सं भाजी इकून राह्यली. वांगे इकते, वावर इकत नाई. मालिका घेऊन जा, मराठीत दाखवा, तेलुगूत दाखवा, वर्साचा करार करा. कंपनी आमची आमच्यापाशी राहीन. हे बाकावर बसले ना, यायले महिन्याच्या महिन्याले पगार पायजे, करारात लिहून. आन् गोदाबाई मरत नाई."

पहिल्या दोन गोष्टींवर हेरंबनं हैदराबादला फोन लावला. दारात उभा राहून तो बराच वेळ बोलला. आत आला तेव्हा कपाळ पुसत होता. "ते मान्य करतील. पण मॅडम, अंत्ययात्रेची जाहिरात झालीय. लोक वाट बघतायत. कोणीतरी मेलंच पाहिजे."

हे प्रयागबाईंनाही पटलं. गिऱ्हाइकाला कबूल केलेलं द्यावं लागतं. त्यांनी गोदामभर नजर फिरवली. ती जिथं जिथं थांबली तिथलं माणूस बाकावर मागं सरकलं. शेवटी ती नरसिंगरावांवर थांबली.

"व्याही मरू द्या."

"मी?" नरसिंगराव म्हणाले. अजून उभेच होते. "अहो बाई, मी आत्ताच तुमच्या बाजूनं..."

"म्हनूनच. तुमाले बोलाचं होतं ना? जित्या मानसाले कोनी बोलू देत नाई साहेब. मरनाऱ्याले कोनी अडवत नाई."

नरसिंगराव खाली बसले. थोडा विचार केला. मग खालच्या आवाजात विचारलं, "किती मिनिटं मिळतील?"

ते चौदा मिनिटं मेले. खाटेवर उठून बसत, पुन्हा कलंडत, त्यांनी गोदाबाईची क्षमा मागितली, गावाला उपदेश केला, आणि कागदात नसतानाही तहसीलमधल्या तीन जुन्या वरिष्ठांना नावं न घेता माफ केलं. प्रणितानं त्यातला एक शब्द कापला नाही. तो भाग आजवरचे सगळे आकडे मागं टाकून गेला. सोमवारी सकाळी ते पद्मिनीबाईंबरोबर दूध आणायला निघाले तर दोन बायकांनी पद्मिनीबाईंजवळ जाऊन डोळे पुसले, आणि एका जुन्या सहकाऱ्यानं पेन्शनचं आता कसं करता म्हणून विचारलं. नरसिंगराव महिनाभर ताठ मानेनं चालत होते.

जीवन मात्र पाच दिवस मावशीशी बोलला नाही. सहाव्या दिवशी सकाळी वावरात आला. प्रयागबाई मिरच्या खुडत होत्या. तो बांधावर बसला आणि ढेकळं फोडू लागला.

"मले सांगाचं तर होतं," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर सही केली असती?"

"नाई."

"तूनं बी मले इचारलं नाई. बाजारात आयकलं मी, प्रितमच्या बायकोकडून. लाज वाटली मले जीवन. घरच्या मानसाचं मरन गिऱ्हाइकानं सांगावं का?"

जीवनचं बोट ढेकळात थांबलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मावशी खोड काढते आहे, असंच तो समजत होता.

"चुकलं माहं," तो म्हणाला.

"चुकलंच. आन् अजून एक चुकलं. त्या साऱ्या कागदात प्रनिताच्या नावावर किती हायेत?"

जीवननं डोकं खाजवलं. आठवून पाहिलं. मग त्याचा चेहरा पडला, कारण एकही नव्हता. न्हाव्याला सहा, वायर धरणाऱ्याला सात, आणि रात्रंदिवस जी ते सारं जोडत होती तिच्या नावावर काही नाही. घरचीच आहे म्हणून राहून गेलं होतं.

"माह्यातले अकरा तिले देऊन राह्यली मी," प्रयागबाई म्हणाल्या. "कागद तयार हाय. सही कर. या टाइमाले वाचून कर."

जीवननं वाचून सही केली. वाचायला बराच वेळ लावला. अर्ध्यात येऊन त्याला कळलं की त्याचे चाळीस आणि तिचे अकरा मिळून एक्कावन्न होतात, आणि मावशीचे उरलेले तीस, नरसिंगरावांचे दहा आणि तिचे अकरा मिळूनही एक्कावन्नच होतात. म्हणजे यापुढं ठराव कोणाचाही असो, होकार बायकोचा लागणार.

प्रयागबाईंना हे आधीच ठाऊक होतं, असं त्या सांगत. प्रणितानं त्याचं काय करायचं ठरवलंय, हे मात्र ठाऊक नव्हतं. पगार सुरू झाले, तेलुगूतली गोदाबाई बोलू लागली, गोदामावर नवा पत्रा पडला. कुसुमबाई एकदा कुरकुरत आली की माझे आठ मातीमोल गेले. प्रयागबाई म्हणाल्या, टमाटे परत आन, हिस्से घेऊन जाय. त्यावर दोघी हसत सुटल्या. आणि मग प्रणितानं आयुष्यातला पहिला ठराव मांडला. ती फार बोलणारी नव्हती. चिठ्ठीवर लिहून आणला होता.

"पुढच्या भागात गोदाबाईनं सुनेची माफी मागावी."

प्रयागबाईंना ऐकू आलं नाही असं वाटून तिनं पुन्हा वाचला.

"कायची माफी?" प्रयागबाई म्हणाल्या.

"मावशी, दीडशे भाग झाले. रोज तिलेच बोलून राह्यली गोदाबाई. मी कापताना मोजलं. एकदा बी ती चुकली नाई, असं कुठं असते का?"

दामिनीनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तिचे खांदे हलत होते.

जीवनचा हात इतक्या झपाट्यानं वर गेला की पंख्याला लागता लागता राहिला. चाळीस आणि अकरा. नरसिंगरावांनी आकडे मांडले, प्रयागबाईंकडं बघण्याचं टाळलं, आणि मंजूर असं लिहिलं.

शूटिंगच्या दिवशी त्या पळून गेल्या नाहीत. शिंकल्या नाहीत. ओट्याजवळ उभ्या राहिल्या, दामिनीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, मले लय बोलता येते. आयकता येत नाई." एवढंच कागदात होतं. पण पुढं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. कॅमेऱ्यामागं जीवन 'कट' म्हणायचं विसरला. प्रणिता म्हणाली नाही, कारण तिला ते हवं होतं.

रविवारी प्रयागबाईंनी तो भाग घरी बसून पाहिला. रडतानाचा भाग दोन मिनिटं चालला, आणि दोन्ही मिनिटं सून नुसती उभी होती. प्रयागबाईंनी लगेच प्रणिताला फोन लावला.

"इतका वेळ कोनी सासूले रडू देते का? आन् पानी बी इचारलं नाई त्या पोट्टीनं. याच्यावर मी ठराव आनते."

"आना ना मावशी," प्रणिता म्हणाली. "वाचून पाहीन मी."